नभोवाणी कोणाची? रेडिओविषयी काही नेहमीचे प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण तार आणि टपाल यांचा इतिहास पाहिला. त्यानंतर श्रोत्यांनी जे प्रश्न पाठवले, त्यांतले निम्म्याहून अधिक रेडिओविषयी निघाले. रेडिओच्या लहरी म्हणजे आवाजाच्याच लहरी ना? शोध मार्कोनीचा की जगदीशचंद्र बोस यांचा? रात्री लांबची स्टेशनं कशी लागायची? घरात नुसता रेडिओ ठेवायला लायसन्स का लागायचं? आणि एकाने तीनच शब्दांत विचारलंय, हवा कोणाच्या मालकीची? आमच्या मते बाकीचे सगळे प्रश्न शेवटी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. म्हणून आज त्याच वाटेने जाऊ या.

पहिला प्रश्न लहरींचा. याचं उत्तर सरळ आहे : रेडिओची लहर म्हणजे आवाज नव्हे. आवाजाला माध्यम लागतं, हवा लागते, पाणी लागतं. रेडिओची लहर ही प्रकाशाच्या कुळातली. तिला हवेची गरज नाही, ती पोकळीतूनही जाते, आणि सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या वेगाने जाते. आवाज बिचारा सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. याची एक गंमत सांगतो. समजा, मुंबईच्या एखाद्या सभागृहातून व्याख्यान जुन्या पद्धतीने थेट रेडिओवर प्रक्षेपित होतंय. तीस मीटर मागे शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला वक्त्याचा शब्द पोचायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागेल. नागपुरात रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाला तोच शब्द त्याच्या आधी ऐकू येईल! सातशे-आठशे किलोमीटर काटायला लहरीला सेकंदाच्या हजाराव्या भागासारखे दोन-तीन भाग पुरतात.

मग आवाज जातो कसा? तर तो लहरीवर लादला जातो. मायक्रोफोन आवाजाचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि ते चढउतार वाहक लहरीवर चढवले जातात. लहरीची उंची कमीजास्त केली की एएम, तिची वारंवारिता कमीजास्त केली की एफएम. आपला रेडिओ त्या लहरीवरचं ओझं उतरवून घेतो आणि कर्णा हलवून पुन्हा आवाज करतो. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लागतं असं आपण म्हणतो, तेव्हा ती लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा हेलकावे खाते. तीन लाख किलोमीटरला या आकड्याने भागा, लहरीची लांबी येते साधारण ३७९ मीटर. जुन्या सेटच्या काचेवर मीटरचे आकडे असायचे, ते हेच.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे इथे थोडं थांबावंसं वाटतं. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला. उगमापासून कानापर्यंत शब्द पोचतो कसा, याला त्यांच्याकडे दोन दृष्टान्त आहेत. एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यात एका लाटेने पुढची लाट उठावी तसा. दुसरा कदंबाचा, म्हणजे कदंबाच्या गेंदावर एकाच वेळी चहूबाजूंनी केसर फुटावेत तसा. आता कोणी लगेच म्हणेल, बघा, रेडिओ आपल्याला आधीच ठाऊक होता! नव्हता हो. ते कानाने ऐकू येणाऱ्या शब्दाविषयी बोलत होते, विद्युतचुंबकीय लहरीविषयी नाही. गंमत अशी की युरोपातल्या एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांनाही लहर म्हटली की तिला आधार हवा असं वाटे. त्यांनी ईथर नावाचं सर्वव्यापी द्रव्य मानलं होतं. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी पृथ्वीची या ईथरमधली गती मोजू पाहिली, ती सापडली नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच ठेवली नाही. तरी शब्द टिकला. इंग्रजीत रेडिओला ईथर म्हणत राहिले, आणि आपण म्हणालो नभोवाणी, आकाशवाणी. यातल्या आकाशवाणी या शब्दाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

दुसरा प्रश्न शोधाचा. या प्रश्नाला लोक एका नावाचं उत्तर मागतात, आणि तिथेच गोंधळ होतो. १८६४ मध्ये मॅक्सवेलने गणिताने दाखवलं की वीज आणि चुंबकत्व यांच्या लहरी असू शकतात आणि त्या प्रकाशाच्याच वेगाने जातील. १८८६ ते १८८८ या काळात हाइनरिख हर्ट्झने कार्ल्सरूह येथे त्या प्रयोगशाळेत निर्माण केल्या आणि पकडल्या. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, १८९४ मध्ये तो गेला. ऑलिव्हर लॉज, पोपोव्ह, टेस्ला हे सगळे त्याच सुमारास कामाला लागले होते. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहरी धाडून घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्यांच्या लहरी मिलिमीटरच्या मापातल्या होत्या, म्हणजे आजच्या मायक्रोवेव्हच्या क्षेत्रातल्या. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं.

मग मार्कोनीने काय केलं? त्याने जून १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला, कंपनी काढली, अंतर वाढवत नेलं. १२ डिसेंबर १९०१ रोजी कॉर्नवॉलमधल्या पोल्डूहून सोडलेला संदेश न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचं त्याने जाहीर केलं. मोर्सच्या लिपीतली तीन टिंबं, इतकाच तो संदेश. १९०९ चं नोबेल त्याला ब्राउनबरोबर विभागून मिळालं. बोस यांना पेटंटची ओढ नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहामुळे त्यांच्या स्फटिकाच्या शोधकाचा अर्ज झाला आणि १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. म्हणजे लहर कोणा एकाची नव्हती, पण तिच्यावर मालकी सांगायला सुरुवात झाली होती. हे पहिल्या दहा वर्षांतच घडलं, लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मार्कोनीला हवी होती बिनतारी तार. अमक्याकडून तमक्याला संदेश, जहाजाकडून बंदराला. लहर मात्र चारी दिशांना जाते आणि ज्याच्याकडे यंत्र आहे त्या कोणालाही ऐकू येते. तारेच्या धंद्याच्या दृष्टीने हा दोष होता! गुप्तता राहत नव्हती. पुढे याच दोषाचा गुण झाला. ब्रॉडकास्ट हा इंग्रजी शब्द शेतीतला आहे. तिफणीने ओळीत पेरतात ते वेगळं आणि मुठीने बी फोकतात ते वेगळं. ब्रॉडकास्ट म्हणजे फोकणं. कुठे रुजेल, कोण उचलेल, याचा हिशेब न ठेवता टाकणं. २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनने अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल असे फोकले. १९२२ मध्ये बीबीसी आली. अमेरिकेत खर्च जाहिरातींनी उचलला, ब्रिटनमध्ये श्रोत्यांच्या लायसन्स फीने.

आता तिसरा प्रश्न, रात्री लांबची स्टेशनं का लागतात. मार्कोनीची ती तीन टिंबं ऐकली गेली तेव्हा जाणकारांनाही कोडं पडलं होतं. लहर सरळ जाते, पृथ्वी गोल आहे, मग समुद्राची ही एवढी फुगवटी ओलांडली कशी? १९०२ मध्ये केनेली आणि हेव्हिसाइड यांनी सुचवलं की वर विद्युतभारित थर असावा आणि लहर त्यावरून परतत असावी. १९२४ मध्ये अ‍ॅपलटनने प्रयोगाने त्याचा पुरावा दिला. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी या आयनावरणावर मोठं काम उभं केलं. दिवसा सूर्यामुळे या आवरणात एक खालचा थर तयार होतो, तो मध्यम लहरी शोषून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. लघुलहरी तर दिवसाही देशोदेशी जातात. थोडक्यात काय, सरहद्दीवर लहरीला कोणी पासपोर्ट विचारू शकत नाही.

इथून आपण लायसन्सच्या प्रश्नाकडे येतो. लहर अडवता येत नाही, मग अडवायचं काय? यंत्र. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने तारेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. बिनतारी आली तेव्हा तीही त्याच छत्राखाली गेली. १९३३ च्या वायरलेस कायद्याने तर परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगणंच गुन्हा ठरवलं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स दरवर्षी नव्याने करून आणायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना हा इतिहास सांगायला नको. १९८० च्या दशकात ते बंद झालं. तारेचा १८८५ चा कायदा मात्र २०२३ चा नवा दूरसंचार कायदा संमत होईपर्यंत, म्हणजे १३८ वर्षं चालला.

आपल्याकडे प्रसारणाची सुरुवात हौशी लोकांनी केली. मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्ये कार्यक्रम सोडले, पाठोपाठ कोलकाता आणि मद्रास. मग इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खाजगी कंपनी उभी राहिली. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. क्षमता दीड किलोवॅट, टप्पा जेमतेम तीस मैल. दहा रुपये लायसन्स फीमधला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा, पण लायसन्स काढणारेच थोडे. मार्च १९३० मध्ये कंपनी गुंडाळली गेली आणि एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. १९३५ मध्ये बीबीसीतले लायोनेल फील्डन इथे आले आणि जून १९३६ मध्ये संस्थेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. त्याआधी, १९३५ मध्येच, म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी स्वतः एक छोटं केंद्र चालू केलं होतं. त्याचं नाव आकाशवाणी. पन्नाशीच्या दशकात तेच नाव सगळ्या देशाच्या नभोवाणीने घेतलं.

आता त्या शब्दाकडे वळू. पुराणातली आकाशवाणी आपल्याला ठाऊक आहे. बहिणीचा रथ हाकणाऱ्या कंसाला आकाशातून शब्द ऐकू येतात. कोण बोलतंय ते दिसत नाही. उलट प्रश्न विचारायची सोय नाही. वाणी वरून येते आणि खालच्याने ती ऐकायची असते. सरकारी नभोवाणीला इतकं चपखल नाव दुसरं सापडलं नसतं, असं आम्हाला कधीकधी वाटतं. नाव सुंदर आहे, यात शंका नाही. पण त्यात एकच बाजू बोलते.

दुसऱ्या बाजूने बोलायचं ठरवलं तर काय होतं, हे मुंबईने १९४२ मध्ये पाहिलं. ऑगस्टमध्ये चले जाव ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. युद्धामुळे हौशी प्रक्षेपकांचे परवाने आधीच काढून घेतलेले. अशा वेळी उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहर ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.१ मेगाहर्ट्झ, लघुलहरी. आपण भारतात कुठून तरी बोलतो आहोत, एवढाच पत्ता त्या निवेदनात असायचा. चितगावच्या बॉम्बहल्ल्याची, जमशेदपूरच्या संपाची, आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरला काय घडलं याची बातमी या रेडिओने दिली. वर्तमानपत्रांना ती छापणं अवघड होतं. पण जी लहर सगळ्यांना ऐकू जाते ती पोलिसांनाही ऐकू जाते, आणि ती कुठून येते हे शोधता येतं. म्हणून जागा बदलत राहावं लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबईत राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. जेमतेम तीन महिने चाललेलं ते केंद्र. पण हवा कोणाची या प्रश्नाला त्या पोरांनी कृतीने उत्तर दिलं होतं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा देशाच्या वाट्याला सहा केंद्रं आली. अडीच टक्के भूभाग आणि अकरा टक्के लोक, इतकाच त्यांचा आवाका. तो वाढवणं हे फार मोठं काम होतं आणि ते झालं, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, आणि १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर गीतरामायण याच केंद्राने घरोघर पोचवलं. पण कायदा तोच राहिला. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत नभोवाणी केंद्राच्या यादीत गेली. काय ऐकवायचं हे वर ठरत राहिलं. बाळकृष्ण केसकर हे मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे चाहते. १९५२ पासून नभोवाणी मंत्री असताना त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केलं. परिणाम काय झाला? त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, टेप कोलंबोला जायची, आणि लघुलहरींवरून परत आपल्याच घरात यायची. आयनावरण मंत्र्यांचं ऐकत नाही! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली.

केसकरांची टिंगल करायची म्हणून हे सांगत नाही. शास्त्रीय संगीतातल्या कितीतरी कलावंतांना त्या काळात आकाशवाणीने जगवलं. मुद्दा असा की श्रोत्याचं भलं कशात आहे हे श्रोत्याला न विचारता ठरवलं गेलं. पुढे आणीबाणीत याच सवयीचं फार कडू रूप देशाने ऐकलं. त्यानंतर वर्गीस समितीने १९७८ मध्ये आकाश भारती नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं.

मालकीच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर या दरम्यान, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिलं. वाद होता क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणाचा. बंगालची क्रिकेट संघटना एका बाजूला, माहिती आणि नभोवाणी मंत्रालय दुसऱ्या बाजूला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी स्वतंत्र मत जोडलं. निष्कर्ष असा की रेडिओलहरींचा हा पट्टा सार्वजनिक मालमत्ता आहे. तो मर्यादित आहे, दोघे एकाच वारंवारितेवर एकाच ठिकाणी बोलू लागले तर कोणालाच काही कळणार नाही, म्हणून वाटपाला नियम हवेत. पण नियम करणारा मालक होत नाही. आणि सरकारी मक्तेदारी जाऊन धनिकांची आली तर तेही घातकच, हे सुद्धा त्या निकालात बजावलेलं आहे.

पुढे लिलाव झाले. २००१ पासून खाजगी एफएम आलं, २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी चालते ती याच वाटेने. मात्र खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवायला परवानगी दिली, तेवढंच. वर्तमानपत्र कोणीही काढावं, वाहिन्यांवर चोवीस तास बातम्या चालाव्यात, आणि सगळ्यांत स्वस्त असलेल्या साधनावर मात्र गाणी आणि विनोद! याचं तर्कसंगत कारण आम्हाला कोणी अजून समजावून दिलेलं नाही.

हा विषय नुसत्या तक्रारीवर सोडायचा नाही, कारण याच नभोवाणीने एकदा वेगळंही करून दाखवलं आहे, आणि तेही आपल्या भागात. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, शेतीचा आणि गावच्या प्रश्नांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावात पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून तो ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न, आपली मतं पुण्याला कळवायची. त्यांची दखल पुढच्या कार्यक्रमांत घेतली जाई. ऐका, चर्चा करा, करून पाहा, असं त्याचं सूत्र होतं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल नॉयराथ यांनी त्याची काटेकोर पाहणी केली. तुलनेसाठी अशीही गावं घेतली होती जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि अशीही जिथे रेडिओच नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांचं ज्ञान ठळकपणे वाढलेलं दिसलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढ झाली नव्हती.

आम्हाला या इतिहासातला हा सगळ्यांत मोलाचा निष्कर्ष वाटतो. कार्यक्रम सगळीकडे तोच होता, निवेदक तोच, लहर तीच. फरक पडला तो गावकऱ्यांना बोलायला जागा मिळाली म्हणून. हवा कोणाची या प्रश्नाचं उत्तर न्यायालयाने दिलं आहे, ती सर्वांची. पण सर्वांची म्हणजे सर्वांनी ऐकण्यापुरती, की सर्वांनी बोलण्याचीही, हे अजून ठरायचं आहे, आणि ते ठरवताना आपण गप्प बसून चालणार नाही.

आज इतकंच. या व्याख्यानावरही प्रश्न पाठवा, आणि नुसते प्रश्न नकोत, जिथे पटलं नसेल तिथे हरकतीही पाठवा. पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.